छपराची टोपी: भवानी पेठेतल्या एका अभ्यासिकेच्या उजेडाचं प्रकरण

डिसेंबर २०२१. दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि आत पन्नासच्या वर मुलं ट्यूबच्या उजेडात वाचत बसली होती. मधल्या रांगेतल्या एका टेबलावर उजेड मोजणारा लक्स मीटर ठेवला. आकडा शंभरच्या आतबाहेर हलत राहिला. वाचायला साधारण ३०० लक्स उजेड असावा असं आपण धरतो. पुढे माझ्याकडे पाठ करून बसलेल्या एका मुलीने वहीवर मोबाइलची टॉर्च टेकवून ठेवली होती.

जागा भवानी पेठेतली, टिंबर मार्केटपासून चालत पाच मिनिटांवर. एके काळचं लाकडाचं गोदाम. एका छोट्या विश्वस्त संस्थेने तिथे आजूबाजूच्या वस्त्यांतल्या मुलांसाठी विनामूल्य अभ्यासिका चालवली आहे. काशेवाडी आणि लोहियानगरमधली मुलं पहाटे सहाला येतात आणि रात्री अकराला उठतात. घरी एक खोली, त्यात पाच-सहा माणसं, टीव्ही आणि स्वयंपाक. या मुलांना अभ्यासाचं टेबल इथेच मिळतं. म्हणून इथे दिवसाचा उजेड आणायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला ते फार जवळचं वाटलं, आणि आजही वाटतं.

इमारत समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लांबी २७ मीटर, पूर्व-पश्चिम. रुंदी १५ मीटर. पूर्वेला रस्ता आणि दरवाजा. पश्चिमेला स्वच्छतागृहं. उत्तर आणि दक्षिण या दोन्ही लांब बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पेठेतल्या रीतीप्रमाणे एकमेकींना चिकटलेल्या. म्हणजे बाजूने खिडकी काढायची सोयच नाही. भिंती साडेचार मीटर उंच, आढं, म्हणजे छपराचा मधला सगळ्यात उंच कणा, साडेसात मीटरवर. दर तीन मीटरवर एक, अशा आठ सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी. पूर्वी वर मंगळुरी कौलं होती, नंतर कधी तरी पत्रा आला. कौलं होती तेव्हा दहा-बारा ठिकाणी काचेची कौलं बसवलेली होती, असं तिथल्या काकांनी सांगितलं. काका म्हणजे अभ्यासिकेची किल्ली ज्यांच्याकडे असते ते. गोदामात लाकूड मोजायला तेवढा उजेड पुरत होता. वाचायला तो कधीच पुरला नसता.

आधीचा उपाय

माझ्याआधी चार वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने पत्र्यात बारा फायबरचे पत्रे बसवून दिले होते. दोन्ही उतारांवर सहा-सहा. पहिल्या महिन्यात सगळे खूश होते. मग मार्च आला.

पुण्यात मे महिन्यात दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ९०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. बारा पत्र्यांचं मिळून क्षेत्र ३६ चौरस मीटर. त्यातलं साठ टक्के ऊन आत आलं असं धरलं, तरी एक-एक किलोवॅटचे अठरा-वीस हीटर छपराला टांगल्यासारखं झालं. उन्हाचे चौकोन टेबलांवरून सरकत जायचे आणि मुलं टेबलं ओढत सावलीमागे फिरायची. पुढच्या वर्षी कुणी तरी शिडी लावून फायबरवर आतून वर्तमानपत्रं चिकटवली. त्यानंतर संस्थेने वरून पांढरा रंग मारून घेतला. उरलेलं काम धुळीने आणि उन्हाने पिवळ्या पडलेल्या फायबरने केलं. पत्र्यांच्या जोडातून पावसाचं पाणी मात्र येतच राहिलं.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे, कारण पुणे परिसरातल्या शेकडो शेडमध्ये हाच उपाय आजही केला जातो. छपराला आडवं भोक पाडलं की उजेड येतो, हे खरंच आहे. पण आपल्या अक्षांशावर वर्षातले बरेच महिने दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला. २१ मार्चला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७१ अंशांवर असतो, आणि मेच्या मध्यावर अगदी डोक्यावर येतो. ज्या दिशेने सगळ्यात जास्त उष्णता येते, नेमकी तीच बाजू आपण उघडी टाकतो.

उभी काच, उंचावर

उपाय जुना आहे. इजिप्तमधल्या कार्नाकच्या मंदिरात मधल्या दोन रांगांतले १२ खांब बाजूच्या १२२ खांबांपेक्षा उंच ठेवले आणि दोन छपरांच्या उंचीत जो फरक पडला त्यात दगडी जाळ्या बसवल्या. उजेड त्या जाळ्यांतून आत यायचा. मधला भाग उंच, बाजूचे भाग बसके, आणि दोहोंच्या मधल्या उभ्या पट्टीत खिडक्या: आर्किटेक्ट ज्याला क्लिअरस्टोरी म्हणतात ती हीच. आपल्याकडचं उदाहरण त्याहून जवळ आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात बाजूने एकही खिडकी नाही, डोंगर कुठून फोडणार? तिथे दर्शनी भिंतीवर, दरवाजांच्या वर, घोड्याच्या नालेसारखं प्रचंड गवाक्ष कोरलं आहे. लेणं पश्चिमाभिमुख आहे. दुपार कलली की त्या गवाक्षातून आलेला उजेड खांबांच्या रांगांमधून थेट आतल्या स्तूपापर्यंत पोचतो. मी विद्यार्थिनी असताना तिथे दुपारभर बसले होते. उजेड उंचावरून आला तर तो खोलवर पोचतो आणि डोळ्यांत खुपत नाही, हे मला पुस्तकातून कळण्याआधी तिथे कळलं.

अभ्यासिकेसाठी आराखडा असा ठरला: आढ्याच्या दोन्ही बाजूंचं दोन-दोन मीटर छप्पर काढायचं आणि त्या चार मीटर रुंद पट्टीवर, पहिल्या कैचीपासून आठव्यापर्यंत २१ मीटर लांब, एक छोटं छप्पर उचलून बसवायचं. फॅब्रिकेटर त्याला पहिल्या दिवसापासून ‘टोपी’ म्हणायला लागला आणि मग सगळेच म्हणू लागले. टोपीच्या उत्तर बाजूला मीटरभर उंच काच. दक्षिण बाजूला वर ४५ सेंटीमीटरची काच आणि खाली गरम हवा बाहेर जायला लूव्हर, म्हणजे तिरप्या पट्ट्यांची झडप.

दक्षिणेला काच कशाला, असं संस्थेच्या एका विश्वस्तांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, कारण उत्तरेचा उजेड थंड आणि स्थिर असतो हे त्यांनीही ऐकलं होतं. पण उत्तरेकडे तोंड असलेल्या काचेतून येणारा उजेड हॉलच्या दक्षिण अर्ध्या भागावर पडतो. उत्तरेच्या भिंतीलगत बसलेल्या मुलाने मान वर केली तर त्याला ती काच दिसतच नाही, मध्ये छपराचा उतार येतो. तेवढ्या रांगा अंधारात राहिल्या असत्या. त्यांच्यासाठी दक्षिणेची काच हवीच होती, फक्त लहान आणि छज्जाखाली.

छज्जा ६० सेंटीमीटरचा. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांवर असतो. तेव्हा ४५ सेंटीमीटरची काच पूर्ण सावलीत राहते. हिवाळ्यात सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी चारनंतर थोडं ऊन शिरतं, पण ते इतकं तिरपं असतं की टेबलांच्या रांगांवरून पलीकडे जाऊन उत्तरेच्या भिंतीवर आणि तिथल्या पुस्तकांच्या कपाटांवर पडतं. थंडीत ते ऊन मुलांना आवडतं. मला ते मुद्दाम अडवावंसं वाटलं नाही.

उजेड पुरेल का, हा हिशोब करावाच लागतो. आपल्याकडे अशा हिशोबात बाहेर मोकळ्या आकाशाखाली ८,००० लक्स उजेड धरतात. त्यातला एक टक्का टेबलापर्यंत पोचला तर ८० लक्स मिळतात. वाचनालयाच्या टेबलाला १.९ ते ३.७५ टक्के, म्हणजे १५० ते ३०० लक्स अशी शिफारस आहे. आमची दोन्ही बाजूंची काच मिळून साडेतीस चौरस मीटर, फरशीच्या साडेसात टक्के. सरासरी पावणेदोन ते दोन टक्क्यांच्या मध्ये आली. काठावरच. म्हणून छपराची आतली बाजू आणि भिंती पांढऱ्या करायच्या, हे खर्च कमी करताना वगळायचं नाही असं मी अंदाजपत्रकातच लिहून ठेवलं. काळवंडलेलं छप्पर अर्धा उजेड गिळून टाकतं. हे ८,००० लक्स अगदी सावधपणे धरलेले असतात. एरवीच्या दिवशी बाहेर त्याच्या कितीतरी पट उजेड असतो.

कैच्यांचं काय?

जुन्या सागवानावर नवं ओझं टाकायचं म्हटल्यावर सगळ्यांच्या कपाळावर आठ्या आल्या, आणि यायलाच हव्या होत्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्येक सांधा ठोकून पाहिला. दोन कैच्यांची टोकं भिंतीत ओलीने कुजली होती. तिथे सुतारमामांनी कुजका भाग कापून नव्या सागवानाची जोड दिली आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळली. बाकी लाकूड खणखणीत होतं.

एक गोष्ट आमच्या बाजूने होती. मंगळुरी कौलं आणि त्याखालच्या पट्ट्या मिळून दर चौरस मीटरला ६५ किलोच्या आसपास वजन होतं. पत्रा जेमतेम पाच-सहा किलोचा. म्हणजे या कैच्यांनी पूर्वी कितीतरी जास्त भार वाहिला होता. काचेसकट टोपी बसवूनही एकूण वजन कौलांच्या काळापेक्षा कमीच राहिलं. खरी भीती उलट दिशेची होती: हलकं छप्पर वाऱ्याने उचललं जाण्याची. पुण्यासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, आणि वळवाच्या पावसाआधीचं वादळ ज्याने पाहिलं आहे त्याला हा आकडा जास्त वाटणार नाही. टोपीचे उभे पाय कैचीच्या सांध्यांवरच टेकवले, मधेच कुठे नाही, आणि कैच्या भिंतीत पोलादी सळ्यांनी बांधून घेतल्या.

काच लॅमिनेटेड घेतली, दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असलेली. फुटली तरी ती पडद्याला धरून राहते. खाली मुलं बसतात, इथे तडजोड शक्यच नव्हती.

माझी चूक

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्यावर एप्रिल २०२२ मध्ये काम झालं. पहिले आठ-दहा दिवस मी रोज जात होते. सकाळी अकराला मधल्या रांगेत ४०० लक्स, उत्तरेच्या भिंतीलगत १८०. ट्यूब बंद. एका मुलाने विचारलं, ‘‘ताई, लाइट गेलेत का?’’ गेले नव्हते, त्यांची गरज नव्हती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. ‘‘ताई, सकाळी आठ-सव्वाआठला मधल्या टेबलांवर ऊन येतंय. पोरं उठून दुसरीकडे बसतायत. तुम्ही तर म्हणाला होता उत्तरेकडून ऊन येत नाही.’’

मी म्हटलं होतं, आणि ते चूक होतं. उत्तरेचा उजेड म्हणजे सुरक्षित उजेड, हे आम्ही ज्या पुस्तकांतून शिकलो त्यांचं मूळ इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या, उत्तरेला काच असलेल्या करवतीसारख्या छपरांत आहे. मुंबईच्या गिरण्यांनीही तीच छपरं उचलली. इंग्लंडात दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. पुण्यात साधारण १३ मेपासून जुलैअखेरपर्यंत, अकरा आठवडे, तो मध्यान्हीसुद्धा डोक्याच्या उत्तरेला असतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून आपण मुलांना काठी उभी करून दाखवतो, त्या दिवसानंतर सूर्य पलीकडे गेलेला असतो. हे मला शाळेपासून ठाऊक होतं. पण आराखडा डिसेंबरात काढला, आणि डिसेंबरात उत्तरेची बाजू दिवसभर थंड सावलीत होती.

मध्यान्हीचं ऊन त्रास देत नव्हतं. २१ जूनलाही ते ८५ अंशांवर, जवळपास सरळ वरून येतं, आणि टोपीच्या उत्तर कडेचा ४५ सेंटीमीटरचा छज्जा त्याला सहज अडवतो. त्रास होता तो सकाळ-संध्याकाळच्या उन्हाचा. जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो आणि सकाळभर पूर्वेपासून १५ ते २५ अंश उत्तरेलाच राहून वर चढतो. असं ऊन छज्जाखालून, काचेला घासत, तिरपं आत येतं. आडवा छज्जा दुप्पट केला असता तरी सकाळचं ऊन शिरलंच असतं.

त्यावर इलाज उभ्या फळ्यांचा. ऊन भिंतीशी २५ अंशांचा कोन करत येत असेल, तर ३० सेंटीमीटर बाहेर आलेली एक उभी फळी ६४ सेंटीमीटर काच सावलीत ठेवते. म्हणजे फळी जितकी बाहेर त्याच्या साधारण दुप्पट अंतरावर पुढची फळी चालते. आम्ही ३० सेंटीमीटरच्या फळ्या ६० सेंटीमीटर अंतराने लावल्या. पत्र्याच्या, पांढऱ्या, दोन्ही बाजूंनी. पांढऱ्या अशासाठी की अडवलेलं ऊन मऊ होऊन, उजेड म्हणून तरी आत यावं. जूनच्या पहिल्या आठवड्यात फॅब्रिकेटरने त्या बसवल्या. दोन दिवसांचं काम. आधी सुचलं असतं तर मुलांचे तीन आठवडे वाया गेले नसते, आणि त्या तीन आठवड्यांत काही मुलांच्या परीक्षा होत्या. याची रुखरुख अजून आहे.

तेव्हापासून उत्तरेची काच असलेलं कुठलंही काम हातात आलं की मी २१ जूनची सकाळ आधी काढते, २१ डिसेंबरची दुपार नंतर.

पाऊस, पारवे आणि झाडू

पहिल्या पावसाळ्यात पश्चिमेकडून आलेल्या झोडपणाऱ्या सरींचे तुषार दक्षिणेच्या लूव्हरमधून आत आले, पण फक्त पश्चिम टोकाच्या दोन गाळ्यांत, म्हणजे कैच्यांमधल्या दोन भागांत. ते दोन गाळे पत्र्याने बंद केले आणि प्रश्न संपला. पारव्यांसाठी लूव्हरच्या आतून बारीक जाळी पहिल्या दिवसापासून होती. पेठेत ती विसरून चालतच नाही.

ढगाळ दिवसांची मला काळजी होती, ती फोल ठरली. जुलैत भरून आलेलं असताना दुपारी दोनला १५० ते २५० लक्स मिळत होते. आभाळ पूर्ण झाकलेलं असतं तेव्हा डोक्यावरचा भाग क्षितिजाजवळच्या भागाच्या तिप्पट उजळ असतो. पेठेतल्या दाटीत साधी खिडकी समोरची भिंत पाहते. आमची काच सगळ्या छपरांच्या वरून आभाळ पाहते.

काच कोण पुसणार, हा प्रश्न मी प्रत्येक प्रकल्पात विचारते आणि बहुतेक वेळा समोरचे एकमेकांकडे बघतात. उंच खिडकी मरते ती धुळीने. उभी काच पावसात बऱ्यापैकी धुतली जाते, आडव्या फायबरसारखी धूळ धरून बसत नाही. पण टिंबर मार्केटचा भुसा आणि रस्त्याची धूळ मिळून उन्हाळ्याअखेर तिच्यावर पातळ थर बसतोच. म्हणून टोपीच्या दोन्ही अंगांना पत्र्यावर ६० सेंटीमीटर रुंद लोखंडी पायवाट केली, पश्चिमेला कायमची शिडी आणि कमरेचा पट्टा अडकवायला टोपीच्या लांबीभर तार. वर्षातून दोनदा सफाई, एकदा मेअखेर आणि एकदा दिवाळीआधी. अंदाजपत्रकात ही पायवाट पाहून ‘‘एवढी गरज आहे का?’’ असं विचारलं गेलं. मी त्या एका गोष्टीवर अडून बसले.

ट्यूबच्या वायरिंगचंही सांगायला हवं, कारण त्याशिवाय वीज वाचली नसती. आधी एका बटणावर हॉलची आडवी पट्टी लागायची, भिंतीपासून भिंतीपर्यंत. उत्तरेच्या रांगेला उजेड हवा म्हणून मधल्याही ट्यूब जळायच्या. आता बटणं लांबीच्या दिशेने आहेत: उत्तर रांग, मधल्या रांगा, दक्षिण रांग. संध्याकाळी पाचला काका आधी फक्त उत्तरेची लावतात.

आत्ताची अडचण

उत्तरेला लागून एक पडका वाडा होता. तो उतरवला गेला आहे आणि तिथे चार मजली इमारत उभी राहते आहे. बारा मीटर उंच धरली, आणि आमच्या काचेपासून हद्दीची भिंत साडेपाच मीटरवर, तर काचेसमोरचं आभाळ क्षितिजापासून ४० अंशांपर्यंत झाकलं जाईल. उजेड बराच कमी होणार.

विश्वस्त वकिलांकडे गेले. सुखाधिकारांच्या, म्हणजे शेजारच्या जागेसंबंधीच्या हक्कांच्या, १८८२ च्या कायद्याप्रमाणे उजेडाचा हक्क सांगायचा तर तो उजेड वीस वर्षं अखंड मिळालेला असावा लागतो. आमची काच तीन वर्षांची. शेजाऱ्यांशी भांडायला आधार नाही, आणि खरं सांगायचं तर भांडावं अशी त्यांची चूकही नाही.

मी हिशोब पुन्हा मांडला. नव्या इमारतीची जी भिंत आमच्याकडे तोंड करून उभी राहील ती दक्षिणाभिमुख आहे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तिच्यावर दिवसभर ऊन असेल. ती गडद असेल तर आम्हाला अंधार देईल. पांढरी असेल तर तेच ऊन परतवून आमच्या उत्तरेच्या काचेत टाकेल, तेही मऊ करून, आणि परीक्षेच्या ऐन महिन्यांत. मागच्या गुरुवारी काका, दोन विश्वस्त आणि मी बिल्डरच्या साइट ऑफिसात जाऊन पत्र देऊन आलो: दक्षिणेच्या भिंतीला पांढरा रंग द्यावा, पहिल्या हाताचा आणि दर पाच वर्षांनी पुन्हा देण्याचा खर्च अभ्यासिका करील. सोबत हॉलचा एक फोटो जोडला आहे, सकाळी अकराचा, ट्यूब बंद असतानाचा. सुपरवायझरने तो बराच वेळ पाहिला आणि मालकांना दाखवतो म्हणाला. स्लॅब तिसऱ्या मजल्यापर्यंत आला आहे.